चढाला गाडी मरते? बॅटरी बदलण्याआधी जोड तपासा

पेट्रोलचं इंजिन काढून मोटर बसवलेली गाडी सपाटीवर सहसा तक्रार करत नाही. बेळगावात टिळकवाडी ते कॅम्प, कॅम्प ते हिंडलगा, महिनाभर पळवा, काही होत नाही. पण चढ लागला, गाडीत चौघं बसलेले असले आणि पाय जरा जास्त दाबला की पुढून 'टक्' असा आवाज येतो आणि गाडी मरते. दिवे चालू असतात, वायपर फिरतो, हॉर्न वाजतो, मोटर तेवढी गप्प. दोन मिनिटं थांबून चावी बंद-चालू केली की काही झालंच नाही अशी परत चालते. पुढच्या वळणाला पुन्हा तेच.

माझ्या २०११ च्या अल्टोला हा रोग दोन पावसाळे होता. जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या रस्त्यावर, धुक्यात, मागून मालाचे ट्रक येत असताना गाडी अशी मरते तेव्हा काय वाटतं ते अनुभवलेल्यालाच कळेल. मागच्या सीटवर आई होती. त्या दिवशी ठरवलं, याचं मूळ सापडल्याशिवाय घाटाचं नाव काढायचं नाही.

ज्यांनी गाडी बदलून दिली होती त्यांच्याकडे नेली. त्यांनी लॅपटॉप जोडला, पाच मिनिटं बघितलं आणि "बॅटरी वीक झालीय, नवीन घाला" म्हणून दोन लाखांवरचा आकडा सांगितला. बॅटरी वीक नव्हती. एक नट ढिला होता. तो सापडायला मला चार महिने लागले, कारण कुठे आणि केव्हा बघायचं हेच माहीत नव्हतं. त्यानंतर ओळखीतल्या आणखी तीन गाड्या याच तक्रारीसाठी उघडून बघितल्या. वरवरची तक्रार चारही गाड्यांची एक, कारणं मात्र चार वेगळी. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी जीव, मग गाडी

६० व्होल्टच्या वरचा डीसी पुरवठा धोक्याचा धरतात. आपल्या गाड्यांत ७२, ९६ किंवा त्याहून जास्त असतो. घरातल्या एसीचा ठिणगीचा पट्टा तरी स्वतःहून तुटतो, डीसीचा तुटत नाही, ओढला जातो. पाना दोन टर्मिनलच्या मध्ये पडला तर पानाच वितळतो आणि डोळ्यांत उडतो. म्हणून हातातली अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला दोन थर इन्सुलेशन टेप गुंडाळा. सर्व्हिस प्लग, म्हणजे बॅटरीची साखळी मध्येच तोडणारा प्लग, काढा आणि त्यानंतरही पाच मिनिटं थांबा, कारण मोटरला करंट मोजून देणाऱ्या कंट्रोलरमधले वीज साठवणारे कपॅसिटर भरलेले असतात. थांबल्यावर मीटर लावून व्होल्टेज खरंच उतरलंय का ते बघूनच हात घाला. चष्मा घाला. एकटे असाल तर हे काम करू नका, घरातलं कोणीतरी हाकेच्या अंतरावर असू द्या.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती इथेच सांगतो. पेट्रोलची गाडी चढावर बंद पडली तर पहिल्या गेअरमध्ये ठेवली की इंजिनाच्या कॉम्प्रेशनवर उभी राहते. ही सवय आपल्या हातापायांत मुरलेली आहे. मोटरवाल्या गाडीत ते कॉम्प्रेशनच नाही. करंट गेला की मोटर जवळजवळ मोकळी फिरते आणि गाडी गेअरमध्ये असूनही मागे सरकते. म्हणून हँडब्रेक आधी, गेअर नंतर. घाटात जाणाऱ्याने सीटखाली एक लाकडी ओंडका किंवा बरासा दगड कायम ठेवावा. ब्रेकचं तसंच आहे. इंजिनाच्या ओढीवर चालणारा बूस्टर आता १२ व्होल्टच्या छोट्या व्हॅक्यूम पंपावर चालतो. पंप बंद असेल तर साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदाच हलका ब्रेक मिळतो, पुढे पाय जड होतो. एकदाच दाबा आणि दाबून धरा.

चढालाच का?

हे समजलं की अर्धी दुरुस्ती झाली.

माझी गाडी बॅटरीसकट आणि चार माणसांसकट साधारण ११५० किलो भरते. ताशी ४० च्या वेगाने सपाट रस्त्यावर तिला बॅटरीतून अडीच किलोवॉट लागतात. ७६ व्होल्टला हिशेब केला तर ३३ अँपिअर. तीच गाडी, तोच वेग, पण रस्ता १०० मीटरला ७ मीटर चढणारा घ्या. आता साडेतेरा किलोवॉट लागतात. भाराखाली पॅक, म्हणजे सगळी बॅटरी, ७२ व्होल्टवर उतरलेला धरला तर १८७ अँपिअर. करंट साडेपाच पटीच्या वर गेला. जोडात होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे एखाद्या ढिल्या जोडात सपाटीपेक्षा बत्तीस पट उष्णता चढावर होते. टिळकवाडीत वर्षभर लपून राहणारा दोष कणकुंबीला दहा मिनिटांत वर येतो तो यामुळे.

आता दुसरी बाजू बघा. हीच गाडी समजा ७०० मीटर उंच चढली, म्हणजे गोव्याकडून चोर्ला घाट चढून आली, तर निव्वळ उंचीसाठी तिला २.२ युनिट लागतात. मोटर-गेअरमधली गळती धरून पावणेतीन. माझी बॅटरी २४ सेलची, ७६.८ व्होल्ट, २०० अँपिअर-अवर, म्हणजे पंधरा युनिटची. चढ बॅटरी संपवत नाही. चढ एकदम जास्त करंट मागतो, आणि तो देताना साखळीतली एखादी कमजोर कडी मान टाकते. "चढाला बंद पडते म्हणजे बॅटरी पुरत नाही" असं कोणी सांगितलं तर त्याला हा हिशेब दाखवा.

बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं सर्किट, प्रत्येक सेलवर लक्ष ठेवतं. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल साधारण ३.२ व्होल्टचा, आणि २.५ च्या खाली तो जाऊ द्यायचा नसतो. चोवीसपैकी तेवीस सेल ठणठणीत असले आणि एकाच सेलचा आकडा दोन-तीन सेकंद २.५ खाली गेला तरी बीएमएस कॉन्टॅक्टर, म्हणजे बॅटरीची मुख्य लाईन जोडणारा-तोडणारा स्विच, सोडतं. तोच तो 'टक्' आवाज. भार गेला की तो सेल पुन्हा ३.२ वर येतो, म्हणून दोन मिनिटांनी गाडी चालू होते. पाना घेऊन तुम्ही उभ्या गाडीचं बॉनेट उघडता तेव्हा सगळे आकडे एका रांगेत उभे असतात आणि फिटर म्हणतो, "काय झालंय ह्याला? सगळं बरोबर हाय की."

चालत्या गाडीत आकडा पकडणं

म्हणून मोजमाप चढावरच झालं पाहिजे. मी येळ्ळूरचा राजहंसगड निवडला. गावातून वर गडाकडे जाणारा रस्ता छोटा आहे पण चांगला उभा आहे, सकाळी लवकर रहदारी नसते, आणि बंद पडलीच तर मागे वळून उतरता येतं. पुतण्याला शेजारी बसवलं, त्याच्या हातात बीएमएसचं अॅप उघडलेला फोन दिला, मागे दोघं मित्र वजनाला. गाडी चालवणाऱ्याने फोनकडे बघायचं नाही. हे काम दुसऱ्याचंच.

खाली उभं असताना सगळे सेल ३.२९ ते ३.३०. चढाला लागलो, करंट १५०, १६०, १८० वर गेला. सगळे सेल ३.०८, ३.०७ वर आले, हे अपेक्षितच होतं. आणि पुतण्या ओरडला, "काका, सतरा नंबर पडूलाय! दोन सत्तर... दोन साठ!" मी पाय उचलला. उचलताक्षणी सतरा नंबर ३.२६. पुन्हा दाबला, २.६०. पुन्हा सोडला, ३.२६.

हे असं ताबडतोब खाली-वर होणं हीच खूण आहे. नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा निवाडा यावर आहे. करंटबरोबर आकडा लगेच पडतो आणि लगेच उठतो, तर दोष बहुतेक वेळा जोडाचा असतो. सेलच्या आतलं काही असेल तर तो हळू उतरतो, हळू सावरतो, आणि उभ्या गाडीतही इतरांपेक्षा थोडा मागे दिसतो. बीएमएसची बारीक वायर ज्या लगवर, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीवर, बसवलेली असते त्या लगच्या पलीकडचा जोड ढिला असेल, तर जोडात पडलेलं व्होल्टेज बीएमएसला सेलच्या खात्यात दिसतं. बिचाऱ्या सेलचा काही दोष नसतो.

माझ्या बाबतीत इतर सेल आणि सतरा नंबर यांत अर्ध्या व्होल्टचा फरक होता. १८० अँपिअरला अर्धा व्होल्ट, म्हणजे एका नटाखाली ९० वॉट उष्णता. मोठा सोल्डरिंग आयर्न त्या जागी लावून ठेवल्यासारखं.

घरी बसून जोड शोधायची युक्ती

घाट न चढता हे तपासायची एक साधी पद्धत मला नंतर कळली. आता मी हीच आधी करतो.

गाडी चार्जिंगला लावा. माझा चार्जर १५ अँपिअर देतो. मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा. मग एका सेलच्या टर्मिनलवर एक टोक आणि शेजारच्या सेलच्या टर्मिनलवर दुसरं टोक, म्हणजे दोन सेल जोडणारी मधली पट्टी आणि तिचे दोन्ही जोड मध्ये आले पाहिजेत. टोक पट्टीवर किंवा नटावर टेकवू नका, सेलच्या मूळ टर्मिनलवर टेकवा. चांगला जोड एक-दोन मिलिव्होल्ट दाखवतो. एकेक करत पुढे जा आणि कागदावर लिहा. माझ्या यादीत १, २, १, १, २ असं चाललं होतं आणि सोळा-सतराच्या मध्ये मीटर ४१ वर गेला. चार महिने ज्याच्यामागे लागलो होतो तो दोष वीस मिनिटांत समोर आला.

हे मोजताना फक्त मोजा. नट आवळायचा मोह तिथल्या तिथे होतो, तो आवरा. चार्जर बंद, सर्व्हिस प्लग बाहेर, मगच पाना.

झाकण काढल्यावर काय दिसलं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला ओळखता येईल. तांब्याची पट्टी बाकी सगळीकडे तांबूस होती, या एका ठिकाणी काळपट आणि कडेला निळसर झाक. पट्टीवरची प्लास्टिकची श्रिंक स्लीव्ह तपकिरी होऊन तडकलेली. नट बोटांनी पाव फेरा फिरला. खाली सेलच्या अॅल्युमिनिअम टर्मिनलवर पांढरी भुकटी, खडूच्या पुडीसारखी. तांबं आणि अॅल्युमिनिअम एकमेकांना लागले आणि वर आपल्याकडचा दमट पावसाळा मिळाला की ही भुकटी येतेच. खानापूर भागात जून ते सप्टेंबर भिंतीलाही बुरशी धरते, तिथे उघड्या जोडाची काय कथा.

उद्यमबागेत ज्यांनी मोटरची अॅडॅप्टर प्लेट टर्न करून दिली होती त्या मामांना पट्टी नेऊन दाखवली. त्यांनी नटाच्या खुणा बघितल्या, अंगठ्याने चोळलं आणि म्हणाले, "लूज आगेद री. लूज हाय म्हणून तापलंय, तापलंय म्हणून आणि लूज झालंय." मी पानभर लिहूनही याहून नेमकं सांगू शकणार नाही. ढिला जोड तापतो, तापला की धातू फुगतो, गार झाला की आकसतो, आणि दर फेरीला नट थोडा-थोडा सुटतो.

दुरुस्ती अशी. पट्टीचा आणि टर्मिनलचा बसायचा भाग बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, सुक्या फडक्याने भुकटी पूर्ण पुसा, ती इतर सेलवर पडू देऊ नका. जोडाला लावायचं अँटी-ऑक्सिडेशन ग्रीस मिळतं, त्याचा अगदी पातळ हात फिरवा आणि लगेच बसवा, कारण अॅल्युमिनिअमवर घासल्याबरोबर नवीन थर धरायला लागतो. साध्या वॉशरऐवजी स्प्रिंगचा दाब धरून ठेवणारा वॉशर घाला. आवळताना टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना, वापरा आणि सेल बनवणाऱ्याने दिलेला आकडा पाळा. "जरा जोर लावून बसव" हा प्रकार इथे चालत नाही. अॅल्युमिनिअमचा आटा मऊ असतो, एकदा गेला की सेलच बाद. शेवटी नटावरून पट्टीवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारा. नट हलला तर रेघ तुटलेली दिसते, पाना न लावता कळतं.

पट्ट्यांनंतर जाड केबलच्या लगांकडे वळा. हातोड्याने चेपलेला लग बाहेरून घट्ट दिसतो, आत तारा मोकळ्या असतात. हायड्रॉलिक प्रेसवर चेपलेलाच लग वापरा. आपल्या गावात हायड्रॉलिकची कामं करणारे पाहिजे तेवढे आहेत, चार लगांसाठी कंजुषी करू नका. मेन फ्यूज आणि कॉन्टॅक्टर यांच्या दोन्ही टोकांनाही भार असताना मिलिव्होल्ट मोजा. जुना कॉन्टॅक्टर आतून जळून खड्डे पडलेला असतो आणि बाहेरून नवा दिसतो.

जोड ठीक आहेत, तरीही मरते

खानापूरच्या बाजूला एका सरांची गाडी आहे. त्यांच्या गाडीत सगळे जोड एक-दोन मिलिव्होल्टचे. तरी बॅटरी शिल्लक दाखवत असताना चढाला बंद. चढावर आकडे बघितले तर नऊ नंबर हळूहळू उतरत होता, आणि पाय उचलल्यावर परत यायला वेळ घेत होता.

कारण त्यांच्या घरी मिळालं. पावसाळ्यात झाडं तारांवर पडतात, रात्री लाईट जाते. चार्जिंग रोज अर्ध्यावर तुटायचं. सर सकाळी ८०-८५ टक्के बघून निघायचे, "पुरतंय की आपल्याला" म्हणून. पण बीएमएस सेल सारखे करण्याचं काम चार्जिंगच्या अगदी शेवटी, सेल भरत आल्यावरच करतं. बॅटरी महिनोन्महिने पूर्ण भरलीच नाही तर ते काम होतच नाही. एक सेल रोज थोडा-थोडा मागे पडत जातो. या जातीच्या सेलचं व्होल्टेज २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत जेमतेम एक दशांश व्होल्टने हलतं, त्यामुळे मागे पडलेला सेल मधल्या टप्प्यात ओळखूही येत नाही. तो रिकामा होतो तेव्हाच कळतं, आणि चढ असेल तर आधी कळतं.

साधं बीएमएस सेल सारखे करताना अगदी थोडा करंट वळवतं, पन्नास-साठ मिलिअँपिअरच्या घरात. नऊ नंबर सहा अँपिअर-अवर मागे असेल तर ६० मिलिअँपिअरने ते भरून निघायला शंभर तास लागतात. एका रात्रीत होणारं काम नव्हे. शाळेला सुट्टी लागल्यावर सरांनी गाडी चार-पाच दिवस चार्जरला लावूनच ठेवली आणि फरक मिटला. घाई असेल तर ३.६५ व्होल्टवर थांबणारा एका सेलचा छोटा चार्जर घेऊन तेवढाच सेल भरता येतो, ३ अँपिअरने दोन तासांत. पण पॅक उघडून एका सेलला तारा लावायचं काम माहीतगाराच्या देखरेखीखालीच करा, उलट-सुलट झालं तर सेल फुगतो.

भरून घेतल्यावरही तोच सेल महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा मागे पडला तर मात्र तो सेल खरोखर गेलाय. तेव्हा तो एक सेल बदलायचा. बाकी तेवीस फेकायचं काही कारण नाही.

आधी दम कमी होतो, मग मरते

ही तिसरी तऱ्हा. इथे खटकन तुटत नाही. गाडी आधी जड होते, पाय पूर्ण दाबला तरी ओढत नाही, वेग ३० वर, मग २० वर येतो. चंदगडकडच्या मेहुण्यांची गाडी अशी करायची. फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं: "दाजी, गाडी चढूलीच न्हाय बघा."

हा कंट्रोलर तापल्याचा प्रकार. तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी करंट कमी करतो. खाली वाकून बघितलं तर कंट्रोलरच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांच्या फटी लाल मातीने लिंपलेल्या. आपल्याकडची तांबडी माती चिखल होऊन बसते आणि ऑक्टोबरच्या उन्हात विटेसारखी होते. ब्रशने खरवडून काढली, पुढच्या चाकामागे रबराचा पडदा लावला. पाण्याचा जोरदार फवारा मात्र मारू नका, केबल जिथून आत जाते तिथून पाणी शिरतं.

निम्मा दोष गेअरचा होता. मूळ गिअरबॉक्स ठेवलेल्या गाडीत बरेच जण तिसरा टाकून सगळीकडे जातात, कारण मोटर बंद पडत नाही, क्लच लागत नाही. सपाटीला ते चालतं. चढाला दुसरा टाका. इथे एक गैरसमज दूर करतो: गेअर उतरवल्याने बॅटरीतून जाणारा करंट फारसा कमी होत नाही, कारण तेवढ्याच वेगाने तेवढंच वजन वर न्यायला शक्ती तेवढीच लागते. पण कंट्रोलरपासून मोटरपर्यंतचा करंट मोटरला किती पीळ द्यावा लागतो त्यावर ठरतो. खालच्या गेअरात मोटर जोरात फिरते, तिला पीळ कमी द्यावा लागतो, तो करंट उतरतो आणि मोटर-कंट्रोलर दोन्ही थंड राहतात. म्हणजे कंट्रोलर तापत असेल तर गेअर उतरवून फरक पडेल, सेल पडत असेल तर फार पडणार नाही. कुठला रोग आहे ते ओळखायलाही याचा उपयोग होतो.

फक्त पावसात, फक्त रात्री

चौथी गाडी टिळकवाडीतल्या मित्राची. उन्हाळ्यात वंटमुरीचा घाट आरामात चढायची, पाऊस लागला की तोच चढ नको म्हणायची. तीही खटकन मरायची, पण बीएमएसच्या नोंदीत एकही सेल पडलेला नसायचा.

दोष मोठ्या बॅटरीत नव्हताच. कॉन्टॅक्टर १२ व्होल्टच्या कॉइलवर धरून ठेवलेला असतो. पावसात रात्री हेडलाईट, वायपर, काच पुसायला ब्लोअर, आणि ब्रेक मारला की व्हॅक्यूम पंप, हे सगळं त्याच १२ व्होल्टवर. त्याची १२ व्होल्टची बॅटरी पेट्रोलच्या काळातली, मेलेली, आणि मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्ट काढून देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर लहान. सगळं एकदम चालू झालं की व्होल्टेज क्षणभर कोसळायचं आणि कॉन्टॅक्टर सुटायचा. तपासणी सोपी आहे: घरी उभ्या गाडीत सगळं चालू करा, ब्रेक चार-पाचदा मारा आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर मीटर धरा. कन्व्हर्टर चालू असताना १३ च्या वर राहिलं पाहिजे. १२ च्या खाली झोके घेत असेल तर तिथेच बघा. नवी छोटी बॅटरी आणि चेसिसच्या अर्थिंगचा गंजलेला बोल्ट घासून साफ, एवढ्यावर त्याचं काम झालं.

हे करू नका

अॅपमध्ये जाऊन २.५ ची मर्यादा २.० करायचा सल्ला मला दोघांनी दिला. त्यांना वाईट हेतू नव्हता, पण हा सल्ला माणसाचा जीव घेऊ शकतो. मर्यादा उतरवली असती तर माझी गाडी बंद पडली नसती हे खरं. तो ९० वॉटचा निखारा मात्र सीटखाली तसाच धगधगत राहिला असता, वर माझी माणसं बसलेली असताना. बीएमएस ओरडतं ते ऐकायचं असतं. त्याचं तोंड बांधायचं नाही. तसंच फ्यूज मोठा टाकणं, बीएमएसला वगळून थेट वायर ओढणं, पावसापासून जपायचं म्हणून कंट्रोलर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळणं. या तिन्ही गोष्टी मी आपल्याच भागातल्या गाड्यांत बघितल्या आहेत.

कागदाचंही सांगतो. पेट्रोलची गाडी विजेवर नेणाऱ्या संचांसाठीच्या एआयएस-१२३ या मानकात बसणारा आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मंजुरी असलेला संच बसवला असेल तरच आरसीवर इंधनबदलाची नोंद होते. मंजूर संचातली बॅटरी किंवा कंट्रोलर मनाने दुसऱ्या मापाचा टाकला तर ती मंजुरी त्या गाडीला लागू राहत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती कारण जातं. नट आवळणं, लग बदलणं, माती काढणं ही देखभाल झाली. भाग बदलायचा असेल तर त्याच मापाचा, संच देणाऱ्याकडून लेखी घेऊन बदला. आमच्यासारख्या सीमेवर राहणाऱ्यांना आज शिनोळी, उद्या निपाणी, परवा गडहिंग्लज करावं लागतं. दोन राज्यांचे पोलीस भेटतात. कागद गाडीत असू द्या.

फिटरकडे नेणार असाल तर "चढाला बंद पडते" एवढंच सांगू नका, तो बॅटरीच सांगणार. एका चिठ्ठीवर लिहून न्या: उभ्या गाडीत सर्वांत खालचा सेल कुठला आणि किती, चढावर किती अँपिअरला तो किती झाला, पाय उचलल्यावर किती सेकंदांत परत आला, त्या वेळी गेअर कुठला होता, दिवे-वायपर चालू होते का, आणि चार्जिंगच्या वेळी प्रत्येक जोडावर किती मिलिव्होल्ट मिळाले. ही चिठ्ठी हातात असली की दोन लाखांची गोष्ट कोणी सहज काढत नाही.

दुरुस्तीनंतर त्याच राजहंसगडावर, तेच चौघं घेऊन गेलो. १८० अँपिअरला सतरा नंबर ३.०७. पुतण्याने फोन माझ्यासमोर धरला तेव्हा आम्ही वर पोचून गाडी उभी केली होती, हँडब्रेक ओढून. आता दर वर्षी मृग लागायच्या आधी एक रविवार मी झाकण उघडतो, सगळ्या नटांवरच्या पांढऱ्या रेघा बघतो आणि मिलिव्होल्टची यादी मागच्या वर्षीच्या यादीशेजारी लिहितो. यंदा अकरा-बाराच्या मध्ये ४ आलाय. तो नट या रविवारी उघडणार आहे.